काचेच्या डोंगराची सून, भाग तिसरा

सोमलिंग मगदूमांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला तो टेबलावर मूठ आपटून, चारचौघांच्या साक्षीनं, आणि वर चहा पिऊन. मग नंतर बोंबलून उपयोग काय?

मगदूम अण्णा म्हणजे कसबा बावड्यातला वजनदार माणूस. अंगानं नव्हे, अंगानं ते काटकुळेच. पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं बसलेले. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की अण्णा आकडा वाचणार, आणि एकदा वाचलेला आकडा कुणाच्या बापाला बदलता यायचा नाही. "काट्यावर आलं ते वजन. न्हाय आलं ते वारं!" असं ते म्हणायचे, आणि ते इतक्या मोठ्यानं की रांगेतल्या शेवटच्या ट्रॅक्टरवाल्याचीसुद्धा झोप उडायची. चौतीस वर्षांत ट्रॉलीतलं एक कांडं त्यांनी मोडून खाल्लं नाही. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या वाचनालयानं त्यांना कार्यकारिणीवर घेतलं ते या दबदब्यापायीच. पुस्तकांशी त्यांचा तोवर काडीचा संबंध नव्हता.

वाचनालयाची एक पद्धत होती. ग्रंथपाल अवंतिका दहाला यायची, पण फुकटचा पेपर वाचणारी मंडळी सातलाच दारात हजर. म्हणून कार्यकारिणीतल्या चौघांनी वार वाटून घेतलेले. ज्याचा वार त्यानं कुलूप काढायचं, पेपर पसरायचे आणि दहापर्यंत खुर्ची तापवत बसायचं. रविवार अण्णांचा.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी वाऱ्यानं खिडकी सारखी आपटत होती. अण्णांनी वैतागून कोपऱ्यातल्या कपाटातलं हाताला लागलं ते जाडजूड पुस्तक ओढलं आणि खिडकीला अडकण म्हणून लावायला घेतलं. नाव बघितलं तर 'राक्षसाचं मृत्युपत्र'.

"राक्षसाला कसलं आलंय मृत्युपत्र? इस्टेट काय आसणार त्याची?" असं पुटपुटत त्यांनी पहिलं पान उघडलं. 'म्हातारा राक्षस मरायला टेकला तेव्हा त्याच्याजवळ एक डोंगर, दोन ढग आणि एक न पाळलेला शब्द एवढंच शिल्लक होतं.' संपलं! पेपरवाले उठून गेले, खिडकी बिचारी आपटत राहिली, आणि दहाला अवंतिका आली तेव्हा अण्णा साठाव्या पानावर होते.

ती सगळी कपाटभर पुस्तकं मोठ्या माणसांसाठी लिहिलेल्या परीकथा होत्या. चारचारशे पानांच्या कादंबऱ्या. त्यांत राजपुत्र होते, पण त्यांचे गुडघे दुखायचे. पऱ्या होत्या, पण त्यांना सासरी नणंदा होत्या. बोलणारे घोडे होते आणि ते मालकाला तोंडावर खरं सुनवायचे. अण्णांना त्यांचं वेडच लागलं. का लागलं, हे त्यांना नीट ठाऊक होतं. उभ्या जन्मात त्यांनी माणसं बघितली ती सकाळी शब्द देणारी आणि संध्याकाळी 'आसं कवा म्हटलंतं?' म्हणणारी. या पुस्तकांत शब्द दिला की दिला. विहिरीवरच्या म्हातारीला कुणी ओंजळभर पाणी पाजलं, तर चारशे पानांनी का होईना, ते पाणी फिरून त्याच्याच तहानेला यायचं. तिथला काटा चोख होता. वाचून झालं की अण्णांचं काळीज निवायचं.

पण पुस्तक घरी न्यायचं म्हणजे रजिस्टरला नाव लावायचं. सोमलिंग मगदूम, वय सहासष्ट, पुस्तक परीचं! अर्ध्या बावड्यानं टर उडवली असती. म्हणून अण्णांनी नाव लावलंच नाही. रविवारी न्यायचं आणि वाचून झालं की कुठल्यातरी रविवारी गुपचूप जागेवर ठेवायचं. "चोरी न्हवं ही, परत आणतोय की," असं ते मनाला दटावायचे, आणि मन काही दटावलं जायचं नाही.

गावाचं एकवेळ सोडा. खरी धास्ती होती ती शांतादेवींची, म्हणजे बायकोची. निपाणीकडची बाई, बोलायला तिखट आणि विसरायला म्हणून तयार नाही. लेक वर्षाराणी दहा वर्षांची असताना अण्णांनी तिच्या हातातलं परीचं पुस्तक हिसकावून घेतलं होतं आणि गल्ली गोळा होईल एवढ्यानं ओरडले होते, "ह्या थापा वाचून प्वाट भरतंय व्हय?" पोर आठवडाभर बोलली नव्हती. शांतादेवींनी ते सगळं बघितलेलं. आता त्याच अण्णांच्या हातात परी दिसली असती तर त्या हसल्या असत्या, आणि त्या हसल्या असत्या तर अण्णांच्या फार जिव्हारी लागलं असतं. म्हणून पुस्तक घरात यायचं स्कूटरच्या डिकीतून, आणि राहायचं माळ्यावरच्या खोलीत जुन्या फायलींच्या पेटीत. रोज दुपारी तीन ते चार अण्णा 'कागद बघायला' माळ्यावर जायचे आणि मोजून पंधरा पानं वाचायचे.

वाचनालयाच्या जुन्या वाचकांची एक खोड असते. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात जो तो आपली खूण करून ठेवतो. अण्णांनीही धरली. त्यांची खूण म्हणजे पेन्सिलीनं काढलेला एवढासा तराजू. आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं की आपण काही एकटे नाही. एका कोपऱ्यात गदा असायची. एक मेलेल्या गांडुळासारखी वळवळीत रेघ असायची. लाल शाईत चक्क मार्क दिलेले असायचे, दहापैकी सात, दहापैकी साडेआठ. आणि एक असायची कोयरी. नाजूक, पोटात एक ठिपका असलेली, न चुकता प्रत्येक पुस्तकात. कधीही शेवटच्या पानावर पोचावं, तर कोयरी आपली आधीच येऊन बसलेली.

कोण असतील ही माणसं? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर 'तुला रे कसं कळलं?' हा पुढचा प्रश्न आलाच असता.

असं सगळं सुखात चाललेलं. आणि मग पोरांच्या स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका काढायची टूम निघाली. जागा हवी म्हणजे पुस्तकं कमी करायला हवीत. कार्यकारिणीच्या बैठकीत अण्णांचा डोळा होता पुढाऱ्यांच्या भाषणांच्या चार फळ्यांवर. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "नियम करा! दोन वर्षांत रजिस्टरला ज्याची नोंद न्हाय, ते पुस्तक भाईर. काट्यावर आलं ते वजन!"

अध्यक्ष यज्ञेश्वर सर, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले, म्हणाले, "उत्तम." डेअरीवाले बाळासो खराडे, एकेकाळचे पैलवान, म्हणाले, "एक लंबर!" डॉक्टर प्रियदर्शनी घड्याळ बघत म्हणाल्या, "मंजूर." चहा आला, प्यायला.

पुढच्या रविवारी अण्णा 'काचेच्या डोंगराची सून' या कादंबरीचा दुसरा भाग परत ठेवायला आणि तिसरा न्यायला सात वाजता दार उघडून आत गेले, तर कोपऱ्यातलं कपाट रिकामं. अवंतिकाच्या टेबलावर सुतळीनं बांधलेले गठ्ठे. फळ्यावर यादी. भाषणांचं एकही पुस्तक यादीत नव्हतं, कारण दर जयंतीला कुणी ना कुणी ती भाषण ठोकायला नेत होतं, रीतसर नाव लावून. यादीत होत्या सगळ्या परीकथा. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस.

अण्णांनी यादी दोनदा वाचली, आकडा तोच. दुसरा भाग नेमका कुठं येऊन थांबला होता म्हणता? त्या काचेच्या डोंगरावरच्या राज्यात सून परक्या घरची, पण गुणाची. पण राणीच्या आरशाला तडा गेला आणि आळ आला म्हाताऱ्या दासीवर. दासीला हाकलून देणार, एवढ्यात सून भरदरबारात उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, आणि भाग दुसरा समाप्त! आता तिसरा भाग सुतळीत करकचून बांधलेला. सुतळी सोडून तो पळवणं अवघड नव्हतं. पण रद्दीला लागलेल्या गठ्ठ्यातून पुस्तक काढायचं म्हणजे ट्रॉलीतलं कांडं मोडून खाण्यातलीच गत. दुसरा भाग तेवढा त्यांनी हळूच गठ्ठ्यावर ठेवला.

दहाला अवंतिका आली. अण्णा शक्य तितक्या हळू बोलले, म्हणजे फक्त रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "अगं, ही पुस्तकं र्‍हाऊ दे की. दिसाय बरी दिसत्यात."

"अण्णा, नियम तुमचाच आहे," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी मी किती हौसेनं मागवली होती ही. एकाची नोंद नाही हो. माझीच निवड चुकली म्हणायची." आणि तिनं तोंड फिरवून उगाच टेबल पुसायला घेतलं.

अण्णांना स्वतःचाच राग आला. सहा वर्षं ही पोरगी स्वतःला नावं ठेवत होती, आणि त्यातली तीन वर्षं आपण डिकीत घालून पुस्तकं नेत होतो! आपण नाव लावलं नाही तरी बाकीचे लावतच असतील, असं ते धरून चालले होते. बाकीचेही तेच धरून चालले होते, पण हे त्यांना कुठलं ठाऊक?

त्यांनी सरांना फोन लावला. सर जरा घुटमळून म्हणाले, "ठराव झालाय, मगदूम. आता फक्त वार्षिक सभाच तो फिरवू शकते. तीन आठवड्यांनी सभा आहे." डेअरीवर जाऊन बाळासोंजवळ विषय काढला तर त्यांनी नजर चुकवली आणि अर्धा लिटर दूध उगाचच जास्त ओतलं.

सभेच्या सकाळी शांतादेवी ठेवणीतलं इरकल नेसून तयार. आजवर एकदाही सभेला आल्या नव्हत्या.

"तू कुठं?" अण्णा दचकले.

"सभंला. भडंग आसतंय न्हवं? मग मी येणार."

झालं! अण्णांनी तीन आठवडे मनात घोटून ठेवलेलं भाषण तिथंच घशाखाली गेलं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये ऐंशीएक सभासद. पहिले तीन ठराव 'मंजूर, मंजूर' करत गेले. चौथ्याला सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "सोबतच्या यादीतली पुस्तकं नोंद नसल्यामुळे रद्दीत काढण्यात यावीत. कुणाची हरकत?"

 मागं भडंगात कांदा मिसळल्याचा वास सुटला होता आणि निम्म्या सभेचं लक्ष तिकडं. अवंतिका गठ्ठ्यांवर हात ठेवून खाली बघत होती. अण्णांना ती दरबारातली सून आठवली. परक्या घरची पोर, आणि ती उठली. आपण चौतीस वर्षं काट्यावर बसलो, आणि अजून बसूनच? ते उठले.

"माझ्या नातीला..." एवढं बोलले आणि अडखळले. नात होती आठ महिन्यांची, आणि पुण्याला. तिसऱ्या रांगेतून शांतादेवी त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "नातीला न्हाय. मी. मी वाचतोय ही पुस्तकं."

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "आण्णा, परी भेटली काय वो?" आणि हॉल खदाखदा हसला.

"भेटली!" अण्णांचा काट्यावरचा आवाज सुटला आणि पंख्यावरची धूळ खाली आली. "भेटली, आन् तिनं दिल्याला शब्द पाळला! तुझ्यागत ऊस एकाला कबूल करून दुसऱ्याला घातला न्हाय! आरं, माझ्या जिवाला बरं वाटतंय ते वाचून. दिवसभर खरंच बघायचं हाय, तासभर मला बरोबर बघू दे की! नियम मी केला. पर माल मीच काट्यावर चढवला न्हाय, लाजंपायी नाव लावलं न्हाय. चूक माझी हाय, पुस्तकांची न्हाय. आन् ह्या पोरीची तर न्हायच न्हाय."

हसणं थांबलं. सरांनी खाकरून घेतलं. "भावना समजली. पण एका वाचकासाठी एक कपाट अडवून ठेवणं..."

"एक?" अण्णांनी गठ्ठ्याची सुतळी ताडकन तोडली, वरचं पुस्तक घेतलं आणि शेवटचं पान सभेपुढं धरलं. "मग हे कुणाचं? लाल शाई. धापैकी साडेआठ. खाली शेरा, 'शेवट घाईत उरकला.' बावड्यात लाल पेन खिशाला लावून फिरणारं कोण हाय, सांगा!"

ऐंशी माणसांनी सरांच्या खिशाकडं बघितलं. लाल पेन तिथंच होतं. सरांनी त्यावर हात ठेवला, मग काढला, आणि बारीक आवाजात म्हणाले, "शेवट घाईतच उरकला होता हो."

सगळा हॉल पुन्हा हसला, पण आता ते हसणं वेगळं होतं. बाळासो खराडे उठून उभे राहिले, कान लालबुंद. "गदा माझी हाय. त्यो राक्षस मरतंय तवा मी डेअरीत मागं जाऊन रडलोय. आता काय करतासा करा."

"आणि ते गांडूळ म्हणजे माझी सही आहे," डॉक्टर प्रियदर्शनी हसत हसत म्हणाल्या. "दिवसभर गोळ्या लिहून देते, तरी शुगर उतरत नाही लोकांची. घरी गेल्यावर मला कुणीतरी एका फळानं ठणठणीत होणारं हवं असतं."

अवंतिका एकेकाकडं बघत होती. "तुम्ही चौघं? म्हणजे तुमच्या वाराच्या दिवशी? अहो, आणि मी सहा वर्षं..." पुढं तिला हसू का रडू ते कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

सरांनी एव्हाना दुसरं पुस्तक उघडलं होतं, मास्तरच ते. "ही कोयरी मात्र कुणाची? प्रत्येक पुस्तकात आहे." सगळे डॉक्टरांकडं वळले. त्यांनी मान हलवली.

"कोयरी माझी."

शांतादेवी पदर सावरत उभ्या राहिल्या होत्या. अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. रोज सकाळी दारातल्या रांगोळीत तीच कोयरी असायची, पोटात ठिपका असलेली, आणि चाळीस वर्षं ते ती ओलांडून पेपर आणायला जात होते.

"तू? तुला कुठनं गावली पुस्तकं?"

"तुमच्या पेटीतनं. तुम्ही दिसाला पंधरा पानं वाचतासा. माझं दोन दुपारीत हुतंय. वाचायचं, कोयरी काढायची, परत पेटीत."

"पर पेटी तुला कशी म्हाईत?"

"त्या खोलीत झाडलोट कोण करतंय? पऱ्या येत्यात व्हय?"

सभा लोळायची बाकी राहिली. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती आणि ती त्यांनी ऐंशी माणसांत विचारली. "मग मला हसली कशी न्हाईस?"

"हसू कशाला?" शांतादेवींचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "वाचून खाली आलासा की तुम्ही संध्याकाळभर ओरडत न्हाईसा. तीन वर्षं झाली, घरात सुख हाय. म्हटलं, बोलून कशाला मोडायचं? पर आता तीन आठवडं झालं, त्या सुनंला दरबारात उभी करून ठेवलाईसा! आज तुम्ही उठला नसतासा तर मीच उठणार हुते. भडंगाला आले व्हय मी?"

चौथ्या ठरावावर सरांनी त्याच लाल पेनानं फुली मारली. अभ्यासिकेसाठी कार्यकारिणीची बैठकीची खोली द्यायची ठरली, तिथं तसाही चहाच व्हायचा. मग अवंतिकानं नवं रजिस्टर उघडलं आणि भडंगाचे द्रोण हातात घेऊन चक्क रांग लागली. पहिलं नाव लावायला अण्णा पुढं सरसावले.

"माझं आधी," शांतादेवी म्हणाल्या. "तुमच्या आधी वाचती मी."

दुपारी घरी, पुढच्या कट्ट्यावर, पुस्तक एक आणि वाचणारी दोन. अण्णा पंधरा पानांचे, शांतादेवी दोन दुपारींच्या. मेळ कसा बसायचा?

"मोठ्यानं वाचा," त्यांनीच तोडगा काढला.

अण्णांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि मिटलं. "वर्षाला फोन लाव."

"आता कशाला?"

"लाव म्हटलं की."

फोन लागला. अण्णा कट्ट्यावर ठेवलेल्या फोनकडं बघत म्हणाले, "वर्षे, तू दहा वर्षांची हुतीस. तुझं पुस्तक मी हिसकावलंतं. चुकलं माझं."

 मग लेकीचा आवाज आला, जरा भरलेला. "आई मघाशी सगळं बोलली, अण्णा. तिसरा भाग घेतलाय ना? मग वाचा की. बाळ पण जागं आहे. मोठ्यानं वाचा हं, इकडं पुण्यात ऐकू आलं पाहिजे."

चौतीस वर्षं कारखान्यात आणि चाळीस वर्षं घरात सगळ्यांनी त्यांना हळू बोला म्हणूनच सांगितलं होतं. मोठ्यानं बोला असं त्यांना आज पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं, आणि तेही दोघींनी. अण्णांनी घसा साफ केला आणि काट्यावरच्या खणखणीत आवाजात सुरू केलं.

"'मी,' सून म्हणाली. 'आरसा माझ्याकडून फुटला.'"

एवढं वाचून ते थांबले. अक्षरं एकाएकी धुरकट झाली होती. शांतादेवींनी पदराच्या टोकानं त्यांचा चष्मा काढून पुसला आणि परत नाकावर बसवला.

"थांबलासा का?" त्या म्हणाल्या. "पुढं वाचा की."